एकटीनं हिंडायचा दिवस

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की निपाणीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शिवारात तंबाखूचे शेंडे मोडायला बायका जातात आणि संध्याकाळी परततात तेव्हा त्यांच्या बोटांना काळा चिकट डिंक लागलेला असतो. दुसरी गोष्ट देवळात होते. पूजा झाली की कोणीतरी सांगतं, चातुर्मास संपला, संघाचा विहार सुरू झाला. विहार म्हणजे आमच्या जैन साधू-साध्वींचं पायी निघणं. पावसाळ्याचे चार महिने ते एका गावी थांबतात, उरलेले आठ महिने चालतात. वाहन नाही, पायात चप्पल नाही. काल माझ्या शेजारच्या पद्मावहिनी सांगून गेल्या की माताजींचा संघ कोल्हापुरातून निघालाय, दोन-चार दिवसांत कोगनोळीला पोचेल. माताजी म्हणताना त्या माझ्याकडे जरा निरखून पाहत होत्या. त्यात त्यांची चूक नाही. माताजी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

या दिवसांत मला देऊळ आठवायला हवं, दीक्षेचा मांडव आठवायला हवा. मला आठवतो तो व्हिएन्ना शहरातला एक ढगाळ दिवस, दोन-तीन बागा आणि अर्धवट खाल्लेलं एक पक्वान्न. स्मरणशक्तीला शिस्त नसते. शाळेत तीस-बत्तीस वर्षं पोरांना शिस्त लावली, पण हिला काही लावता आली नाही.

आक्का आणि मी या घरात दोघीच राहायचो. तिचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले आणि ती माहेरी परत आली. माझं लग्न राहूनच गेलं. आधी नोकरी, मग आईचं आजारपण, मग कोणी विचारायचंच बंद केलं. आमचा भाऊ अण्णा बेळगावात शहापूरला असतो. शेत आक्का बघायची, शाळा मी बघायचे. बाजारहाट तिचा, वर्तमानपत्र माझं. कुठं जायचं तर दोघी मिळून जायचं. बसमध्ये खिडकीची जागा कायम मला, कारण मला मळमळतं, असं तिनं माझ्या लहानपणी ठरवलं होतं. पुढं मला मळमळायचं थांबलं, पण खिडकी माझ्याकडेच राहिली.

साठी ओलांडल्यावर आक्का एकेक गोष्ट सोडायला लागली. आधी रंगीत लुगडी सोडली, मग साखर, मग तूप. मांडे म्हणजे तिचा जीव की प्राण. अण्णाच्या लग्नात शहापूरच्या आचारी बायका हातावर मांडा फिरवून फिरवून कोपरापर्यंत पसरायच्या आणि पालथ्या खापरावर टाकायच्या, ते बघत आक्का तिथंच बसून राहिली होती, नवरी आली तरी उठली नव्हती. त्या आक्कानं मांडे सोडले तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, वय झालंय, रक्तातल्या साखरेचं काहीतरी असेल. मग एका सकाळी भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं की ती दीक्षा घेणार आहे.

मला राग आला. धर्माचा अभिमान वगैरे वाटायला हवा होता, लोकांना मी तसं सांगितलंही, पण खरं म्हणजे राग आला. मी तिला थांब म्हटलं नाही. दीक्षेला निघालेल्या माणसाला अडवणं हे आमच्यात मोठं पाप. शिवाय मी मास्तरीण, चार लोकांत नाव असलेली. मी फक्त चार दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, की अण्णाची लेक सुप्रिया व्हिएन्नाला कधीची बोलावतीया, तर तू जाऊन ये. मी म्हटलं, दोघी जाऊ. ती म्हणाली, तू एकटी जा. आणि जाण्याआधी तिनं एक अट घातली.

"तिथं एक दिवस एकटीनं हिंड. सुप्री नको, गाडी नको. पायांनी हिंड, आपलं आपण खा, दिवस बुडायच्या आत घरला ये. मग मला फोन कर. तू ते केलंस तरच मी जाते, न्हायतर न्हाय."

तर असा तो दिवस. लोक परदेशी जातात ते काहीतरी बघायला. मी परीक्षेला गेले होते, आणि पास झाले तर बहीण जाणार होती. नापास होणं माझ्या हातात होतं. सुप्रियाच्या सोफ्यावर दिवसभर बसून राहिले असते तरी चाललं असतं. त्या सकाळी ती ऑफिसला निघाली तेव्हा मी खरंच तो विचार केला, चहाचा कप हातात धरून, बराच वेळ.

पण मी निघाले. का निघाले ते नीट सांगता येणार नाही. नापास होण्याची सवय नव्हती, एवढंच असेल. नवे बूट घातले, मफलर गुंडाळला. सुप्रियानं सांगून ठेवलं होतं की साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही त्याच्या दोन घटका आधी जेवण संपवतो, म्हणजे साडेतीनच्या पुढं पाणीही नाही. निपाणीत मावळतीला आभाळ लाल होतं, म्हशी परततात, वेळ कळते. तिथं सकाळपासून आभाळ राखेच्या रंगाचं. जो सूर्य उगवलेला दिसलाच नाही तो मावळलेला कसा ओळखायचा? मी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत चालले होते.

पाट्या सगळ्या जर्मनमध्ये. त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्या सीमाभागातल्या माणसाला न कळणाऱ्या पाटीची धास्ती नसते. बसची पाटी एका भाषेत, कंडक्टर दुसऱ्या भाषेत आणि भांडण तिसऱ्याच भाषेत, यात आम्ही लहानाचे मोठे झालो. पाटीचा रंग, अक्षरांची ठेवण आणि खाली उभ्या माणसांचे चेहरे बघून आम्ही ओळखतो. त्या हिशोबानं मी एकदाच चुकले. बाग म्हणून ज्या फाटकातून आत शिरले ते एका कचेरीचं अंगण निघालं. तिथल्या रखवालदारानं मला हाताला धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच, बागेच्या फाटकाशी नेऊन सोडलं.

ती राजवाड्याजवळची गुलाबाची बाग होती. गुलाब संपत आले होते. माळी लोक एकेका झाडाला गोणपाटाचं पोतं चढवत होते आणि सुतळीनं बांधत होते, थंडीत मरू नयेत म्हणून. बांधून झालेल्या झाडांची रांग बघून मी उभीच राहिले. आमच्या वखारीत तंबाखू भरलेले बोद असेच उभे असायचे, तोंडं आवळलेले. फक्त या पोत्यात जिवंत झाडं होती. एक माळी दुसऱ्याला काहीतरी बोलला आणि दोघं हसले. मलाच हसले असतील. लुगड्यावर कोट, कोटावर मफलर आणि पायात पांढरे बूट असं ध्यान त्यांनी कशाला पाहिलं असेल.

पुढं बराच चालून दुसऱ्या बागेत गेले. तिथं झाडं कात्रीनं कापून भिंतींसारखी सरळ केलेली. कौतुक वाटलं, पण त्यात मन रमलं नाही. शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखं ते सगळं. तिच्या शेजारीच वनस्पतींची एक बाग होती, तिथं मात्र वेळ गेला. एका वाफ्यात थंडीनं अर्धीअधिक करपलेली झाडं होती आणि त्यांना चार-दोन पांढरी फुलं शिल्लक होती. पान बघितल्यावर मी चमकले. तंबाखू. वाकून पान दोन बोटांत धरलं, तोच चिकटपणा. आमच्याकडे याला फूल येऊ नये म्हणूनच शेंडा मोडतात, सगळा जोर पानात उतरावा म्हणून. तंबाखूच्या गावात जन्म जाऊनही तंबाखूचं फूल असं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं. इथं ते फुलासाठीच लावलेलं. मी बाकावर बसून ते बघत राहिले आणि आक्काला सांगायच्या गोष्टींत त्याची भर घातली. मग लक्षात आलं की सकाळपासून मी हेच करतेय. एकटी हिंडतेय खरी, पण जे दिसेल ते तिच्यासाठी बांधून ठेवतेय.

त्या बाकावर मला रडू आलं. फार नाही. थंडीनं नाक गळतंच होतं, त्यात खपून गेलं.

दुपार झाली होती आणि पोटात काही नव्हतं. सुप्रियानं डबा दिला होता तो मी मुद्दाम टेबलावर ठेवून आले होते, कारण अट होती आपलं आपण खायची. त्या गावात दर वळणावर गोड पदार्थांचं दुकान. काचेत थरावर थर मांडलेले, वर साय, चकाकणारी फळं, काळाभोर चॉकलेटचा लेप. मी आत जायचे, अंडं आहे का विचारायचे, ते मोठ्या उत्साहानं हो म्हणायचे, मी बाहेर यायचे. असं दुकानामागून दुकान झालं. एका मुलीनं तर मला समजावलं की अंडं अगदी ताजं आहे.

शेवटी एका गल्लीत लहानसं दुकान लागलं. आत माझ्याच वयाच्या एक बाई पांढरा एप्रन बांधून उभ्या होत्या. मागच्या टेबलावर एक चादर अंथरलेली आणि त्यावर त्या कणकेची पोळी हाताच्या पालथ्या मुठींवर घेऊन ताणत होत्या. पोळी पसरत पसरत टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. इतकी पातळ की खालच्या चादरीची नक्षी दिसत होती. मी पाहतच राहिले. हात निराळे, देश निराळा, पण हा मांडाच. शहापूरच्या आचारी बायकांनी कोपरापर्यंत नेला, यांनी टेबलभर नेला, एवढाच फरक.

मी अंडं विचारलं. नाही म्हणाल्या, मैदा, पाणी, तेल. कांदा, बटाटा? त्या हसल्या. आत सफरचंद, म्हणाल्या. मी ताटली घेऊन खिडकीशी बसले आणि खायला लागले. वरचा पापुद्रा दातांखाली मोडला, आतलं सफरचंद गरम, आंबटगोड, दालचिनीचा वास. इतकं चांगलं काही मी बऱ्याच वर्षांत खाल्लं नव्हतं. आणि पुन्हा तेच झालं. अर्धं खाऊन व्हायच्या आत मला वाटलं, हे आक्काला करून घालायला हवं. साखर सोडली असली तरी दीक्षेआधी एकदा, बिनसाखरेचं. म्हणून उठले आणि बाईंना कृती विचारली. त्या खूश झाल्या. फोनमध्ये बोलायच्या, फोन मला इंग्रजीत सांगायचा. सफरचंदं अशी चिरायची. पावाचा चुरा लोण्यात असा परतायचा. आणि मनुका आदल्या रात्री रममध्ये भिजवून ठेवायच्या.

मी फोनला परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं.

आयुष्यभर दारूच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावणारी मी. अंडं विचारलं, कांदा विचारला, बटाटा विचारला. गोडात दारू असेल हे विचारायचं आमच्या डोक्यातच येत नाही. कृती विचारली नसती तर मी ताटली चाटूनपुसून घरी गेले असते आणि पुण्य शाबूत राहिलं असतं. आगाऊपणा नडला तो असा. माझा चेहरा बघून बाई घाबरल्या. त्यांना वाटलं मला काही बाधतं की काय. मी फोनमधून सांगायचा प्रयत्न केला की धर्म आहे, नियम आहे, तुमची चूक काहीच नाही. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी उरलेली ताटली उचलली, मागं गेल्या आणि टोपलीतलं एक सफरचंद आणून माझ्या हातात ठेवलं, न चिरलेलं, न शिजवलेलं, ज्यात काही असूच शकणार नाही असं.

ते सफरचंद मी परत गुलाबांच्या बागेत नेऊन खाल्लं. बाकावर बसून, घड्याळ समोर धरून. साडेतीनला थोडा अवकाश होता. समोर पोत्यातली झाडं. माळी निघून गेले होते. सावकाश खाल्लं, अगदी बियांपर्यंत. तेवढा वेळ मात्र मी कोणासाठी काही बांधून ठेवलं नाही. नुसतं खाल्लं.

घरी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते, पण ढगांमुळं रस्त्यावर दिवे लागले होते. निपाणीत रात्र झाली असणार, पण आक्कानं पहिल्या घंटीला फोन उचलला. तंबाखूचं फूल सांगायचं मी विसरले. मांडा सांगितला, मग रमचं सांगितलं. पलीकडं आक्का हसायला लागली. पदरात तोंड घालून हसल्यासारखा आवाज येत होता. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, की मग खाल्लंस काय. मी म्हटलं, सफरचंद.

"एका सफरचंदावर दिवस काढलास?"

"व्हय."

"एकटीनं बसून?"

"व्हय गं."

मग ती म्हणाली, "तर मग जमंल तुला."

परीक्षा पास झाले होते. फोन ठेवल्यावर मी सुप्रियाच्या सोफ्यावर बसले, सकाळी जिथं बसून राहायचा विचार केला होता तिथंच.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. आक्काचे केस मांडवात हातानं उपटले गेले, तेव्हा मी पुढच्या रांगेत होते आणि मान खाली घातली नाही. तिला नवं नाव मिळालं, हातात मोरपिसांची पिंछी आली, अंगावर एक पांढरी साडी. आता तिला आक्का म्हणायचं नाही. ती नात्याची नाही, गावाची नाही, घराची नाही. दिवसातून एकदा आहार, तोही ओंजळीत.

या आहाराची एक रीत आहे, ती सांगायला हवी. साध्वी आहाराला निघताना मनातल्या मनात एक खूण ठरवते. म्हणजे अमुक वस्तू हातात घेऊन जो दारात उभा असेल त्याच्याच घरी आज जेवेन, नाही दिसली तर उपवास. खूण कोणालाच ठाऊक नसते. म्हणून गल्लीत दारोदार शोधाचा, म्हणजे सोवळ्यानं शुद्ध केलेला, स्वयंपाक तयार असतो आणि माणसं उंबऱ्यात उभी असतात, कोणाच्या हाती कलश, कोणाच्या हाती नारळ, लिंबू, केळी, एखादं फूल. साध्वी समोरून जाते, नजर टाकते, खूण जुळली तर थांबते.

दीक्षेनंतर पहिल्यांदा तिचा संघ निपाणीवरून गेला तेव्हाही हेच दिवस होते. पहाटे आम्ही कोगनोळीपर्यंत सामोरे गेलो. हमरस्त्याच्या कडेनं ती चालत आली, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. तिच्या टाचा फुटलेल्या दिसल्या. तिनं सगळ्यांना आशीर्वाद दिला, त्यात मलाही दिला, तेवढाच.

घरी येऊन मी स्वयंपाक केला. आंघोळ करून, ओल्या वस्त्रात, गाळून उकळलेल्या पाण्यात, जसा करायचा तसा. ताटात सफरचंदाच्या फोडीही केल्या, गरम पाण्यातून काढून ठेवल्या. ते सफरचंद मी मुद्दाम आणलं होतं, हे कबूल करते. पण दारात उभं राहायची वेळ आली तेव्हा हातात काय धरावं हा विचार पडला. टोपलीत आणखी दोन सफरचंदं होती. मी एक उचललंही. मग वाटलं, हे बरं नव्हे. ती नातं सोडून गेलीय, आणि मी दारात आमच्या दोघींची गोष्ट घेऊन उभी राहणार? लोक काय म्हणतील, आणि तीही काय म्हणेल? सफरचंद ठेवलं आणि सगळे धरतात तसा नारळ धरला.

ती माझ्या दारावरून गेली. चाल मंद झाली नाही, नजर नारळावर टेकली आणि पुढं गेली. पलीकडं पद्मावहिनींच्या दारात थांबली.

दुपारच्या प्रवचनानंतर कोणीतरी हौसेनं विचारलं, माताजी, आज खूण काय होती? सांगतातच असं नाही. पण तिनं सांगितलं, समोर बघत, नेहमीच्या आवाजात.

"सफरचंद."

पद्मावहिनी गहिवरल्या होत्या. नारळ ऐन वेळी संपले, म्हणून पोराच्या डब्यातलं सफरचंद घेऊन उभी राहिले, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मी घरी आले. ताटातल्या फोडी तशाच होत्या. मागच्या दारी पायरीवर बसून त्या खाल्ल्या, दिवस बुडायच्या आत. सफरचंदांचे दिवस होते, योगायोगही असेल. पण मला तसं वाटत नाही. नातं सोडायला गेली होती ती, आणि त्या सकाळी ते सोडून बसले होते मी.

यंदा ती परत येतेय. पद्मावहिनी म्हणतात, यंदा तुम्ही सफरचंद धरा, बघा थांबतात की नाही. त्यांना वाटतं तेवढं ते सोपं नाही. तीच खूण दोनदा ठरवायला आक्का काही माझ्यासारखी मास्तरीण नव्हे. हातात काय धरायचं ते मला अजून सुचलेलं नाही. कदाचित तंबाखूचं फूल धरेन, फोनवर सांगायचं राहिलेलं. शेताच्या बांधाला एक झाड मी शेंडा न मोडता ठेवलंय, त्याला कळ्या आल्यात.

तोंडानं काय म्हणायचं ते मात्र ठरलेलं असतं. साध्वी दारासमोर आली की सगळ्यांनी एकच म्हणायचं असतं, माताजी वंदामि, अत्र तिष्ठ तिष्ठ. म्हणजे, थांबा, इथं थांबा. भाजी निवडताना जे मला तिला म्हणता आलं नाही ते आता मी भर रस्त्यात, मोठ्यानं, चारचौघांच्या देखत म्हणते, आणि कोणी त्याला पाप म्हणत नाही.